कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसमुळे झालेला आजार : निष्काळजीपणाचा दावा कसा उभा करावा

ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीमुळे झालेला आजार उघडकीस येतो तोवर ज्या कामाने तो दिला ते काम सोडून बहुधा तीस-चाळीस वर्षे उलटलेली असतात. कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम हयात नसतो, हजेरीपुस्तके कधीच रद्दीत गेलेली असतात, आणि आपण कोणत्या साली कोणत्या खात्यात होतो हे खुद्द रुग्णालाही चटकन आठवत नाही. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाई मागण्याच्या इतर दाव्यांपेक्षा हा दावा वेगळा पडतो तो यामुळेच: कायद्याची तत्त्वे तीच असतात, पुरावा मात्र विरत चाललेला असतो. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम पाठ्यपुस्तकातला नाही. रुग्णाच्या आठवणी शाबूत असताना जे उरकायला हवे ते आधी घेतले आहे.

हे विवेचन इंग्लंडमधून आलेल्या ‘कॉमन लॉ’, म्हणजे न्यायालयांच्या आधीच्या निकालांवर उभ्या राहिलेल्या कायद्याच्या, परंपरेतील देशांना लागू पडेल असे आहे. मुदती, न्यायालयीन शुल्क आणि सरकारी भरपाई योजना देशागणिक, अमेरिका-ऑस्ट्रेलियात तर राज्यागणिक बदलतात. त्या स्थानिक वकिलाकडूनच तपासून घ्याव्यात.

पहिली पायरी : निदान नेमके करून घ्या

‘ॲस्बेस्टॉसचा आजार’ एवढे मोघम निदान दाव्याला पुरत नाही, कारण त्या नावाखाली किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि कायदा त्या प्रत्येकीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसाच्या ऊतीत पडलेले व्रण. तो बहुधा दीर्घकाळ आणि भरपूर धूळ श्वासावाटे आत गेल्याने होतो. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग असून तो तुलनेने थोड्या संपर्कानेही होऊ शकतो. त्यांखेरीज फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाची पसरट जाडी आणि त्याच आवरणावर उठणारे चट्टे, ज्यांना डॉक्टर ‘प्लुरल प्लाक’ म्हणतात, असे आणखी तीन प्रकार आहेत. चट्ट्यांमुळे सहसा कोणताही त्रास होत नाही. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये निर्णय दिला की लक्षणे नसलेले असे चट्टे म्हणजे भरपाईयोग्य इजा नव्हे, आणि पुढे कर्करोग होईल या भीतीपोटीही दावा लावता येणार नाही. स्कॉटलंडच्या संसदेने मात्र २००९ मध्ये स्वतंत्र कायदा करून तिथे हा निर्णय निष्प्रभ केला. एकच चट्टा सीमेच्या अलीकडे इजा ठरतो आणि पलीकडे ठरत नाही, यावरून निदानाचा नेमका शब्द किती मोलाचा आहे ते कळावे.

डॉक्टरांकडून बायोप्सीचा अहवाल, सीटी स्कॅनच्या मूळ प्रतिमा आणि फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या मागून घ्याव्यात. त्याहून महत्त्वाची, आणि हमखास दुर्लक्षित राहणारी, गोष्ट म्हणजे रुग्णालयाच्या कागदांवर लिहिला गेलेला कामाचा इतिहास. बॉयलरच्या नळ्यांवर चढवलेले पांढरे लेपन ॲस्बेस्टॉसचे होते हे ठाऊक नसलेला कामगार पहिल्या तपासणीत सरळ मनाने सांगतो की माझा ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला नाही. डॉक्टर ते तसेच लिहितात, आणि दोन वर्षांनी प्रतिपक्षाचा वकील तोच कागद न्यायालयासमोर ठेवतो. अशी नोंद झाली असल्याचे लक्षात आल्यास पुढच्याच भेटीत आपण कोणते काम करत होतो हे तपशिलाने सांगून नवी नोंद करून घ्यावी. जुनी नोंद खोडण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण खाडाखोड केलेला कागद चुकीच्या कागदापेक्षा अधिक संशयास्पद दिसतो.

दुसरी पायरी : कामाचा इतिहास लिहून काढा

माझ्या मते अर्धा दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो, आणि या पायरीसाठी वकिलाची वाट पाहण्याची गरज नसते. मेसोथेलिओमाच्या अनेक रुग्णांना निदानानंतर जेमतेम वर्ष-दीड वर्षच मिळते, त्यातले शेवटचे महिने तर बोलण्याच्याही अवस्थेचे नसतात. म्हणून निदान हाती पडले त्याच आठवड्यात घरातील कोणीतरी वही घेऊन रुग्णाजवळ बसावे.

शाळा सोडल्यापासून निवृत्तीपर्यंतची प्रत्येक नोकरी क्रमाने लिहावी: मालकाचे त्या वेळचे पूर्ण नाव, जागा, वर्षे, हुद्दा. तारखा आठवत नसतील तर लग्न, मुलांचे जन्म, घर बदलणे, संप अशा खुणांचा आधार घ्यावा. ‘थोरली पाळण्यात होती तेव्हा मी गोदीत होतो’ या वाक्यावरून वर्ष काढता येते. त्यानंतर खरा प्रश्न विचारावा: धूळ कुठून येत होती? स्वतः ॲस्बेस्टॉस हाताळणारे लॅगर (नळ्या-बॉयलरवर लेपन चढवणारे), पत्रे कापणारे, ब्रेक लायनिंग घासणारे आणि गॅस्केट कापणारे कामगार उघडच धोक्यात असतात; परंतु त्यांच्या बाजूला उभे राहून वायरिंग करणारा वीजतंत्री, जोडणी करणारा फिटर, सुतार आणि पाळी संपल्यावर फरशी झाडणारा सफाई कामगार हेही तीच हवा श्वासात घेत असतात. कोरडा झाडू मारत होते की पाणी शिंपडून, खिडक्या उघडत होत्या का, धूळ ओढून घेणारे पंखे होते का, असले तर चालू असत का, मास्क दिला होता का आणि दिला असल्यास तो नुसता कापडी होता का, जेवणाचा डबा कुठे उघडत असत, कामाचे कपडे कोण धूत असे, हे सारे रुग्णाच्याच शब्दांत उतरवावे. ‘धूळ खूप असायची’ या वाक्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. ‘समोरच्या यंत्रावरचा माणूस दिसत नसे, संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असत’ याला आहे, कारण त्यावरून तज्ज्ञ हवेतील तंतूंच्या प्रमाणाचा अंदाज बांधू शकतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. रुग्णाला उत्तरे सुचवू नयेत. आठवत नाही असे तो म्हणाला तर वहीत तसेच लिहावे. काही गोष्टी न आठवणारा साक्षीदार न्यायालयाला सर्व काही आठवणाऱ्या साक्षीदारापेक्षा जास्त खरा वाटतो.

जोडीला कागद गोळा करावेत: नेमणूकपत्र, पगारपत्रके, सामाजिक सुरक्षा किंवा निवृत्तिवेतन खात्यातील मालकांच्या नोंदी, कामगार संघटनेचे सभासदत्व, ओळखपत्र, खात्यातील सहकाऱ्यांसोबतचे जुने छायाचित्र. छायाचित्राला नुसती भावनिक वस्तू समजू नये. त्यात मागे दिसणारी नळी, भिंत किंवा पोत्यावरची अक्षरे तज्ज्ञाच्या कामी येतात, शिवाय त्यातले चेहरे म्हणजे संभाव्य साक्षीदार असतात. त्यांचा शोध लगेच घ्यावा, कारण त्यांचीही वये झालेली असतात. रुग्णाची प्रकृती ढासळत असल्यास वकिलाला सांगून शपथेवरचे निवेदन किंवा न्यायालयाच्या परवानगीने घरी अथवा रुग्णालयात साक्ष नोंदवण्याची व्यवस्था करून घ्यावी.

तिसरी पायरी : मुदत मोजा

१९६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या पोलाद कामगारांचा एक खटला आला होता. त्यात न्यायाधीशांना नाइलाजाने असे म्हणावे लागले की इजा नकळत घडली असली तरी दाव्याची मुदत ती घडली तेव्हापासूनच धावू लागली, म्हणजे आजार झाल्याचे कळण्यापूर्वीच कामगारांचा हक्क संपला होता. हा अन्याय इतका ढळढळीत होता की त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा बदलला. आज इंग्लंडमध्ये मुदत ३ वर्षांची आहे आणि ती आजार झाल्याच्या दिवसापासून न मोजता, आपल्याला गंभीर इजा झाली आहे, ती अमुक कामामुळे झाली आहे आणि त्याला अमुक मालक कारणीभूत आहे हे ज्या दिवशी कळले किंवा प्रयत्न करता कळू शकले असते त्या दिवसापासून मोजतात. अनेक देशांनी असेच तत्त्व स्वीकारले आहे, वर्षे मात्र निरनिराळी आहेत.

‘कळू शकले असते’ या शब्दांत धोका आहे. डॉक्टरने १० वर्षांपूर्वी एका पत्रात ॲस्बेस्टॉसचा ओझरता उल्लेख केला असेल तर प्रतिपक्ष त्या पत्रापासून मुदत मोजेल. म्हणून जुने सर्व वैद्यकीय कागद वकिलासमोर ठेवावेत, गैरसोयीचे असतील तेही. रुग्णाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी नवी मुदत सुरू होऊ शकते. परंतु त्याची स्वतःची मुदत हयातीतच संपली असेल तर वारसांचा मार्गही बहुधा अवघड होतो.

चौथी पायरी : दावा कोणावर लावायचा ते ठरवा

कंपनी बंद पडली म्हणजे सारे संपले, ही समजूत चुकीची आहे. तिचे विलीनीकरण झाले असेल तर देणीही सहसा नव्या कंपनीकडे जातात, याचा शोध कंपनी नोंदणी कार्यालयातील जुन्या नोंदींतून घ्यावा. ती अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवून कायमची गुंडाळली गेली, असेल तर त्या वर्षांत तिचा दायित्वाचा विमा कोणाकडे होता हे पाहावे. ब्रिटनमध्ये मालकांना असा विमा १९६९ च्या कायद्याने सक्तीचा झाला आणि जुनी विमापत्रे शोधण्यासाठी २०११ पासून एक स्वतंत्र कार्यालय काम करते. मुख्य कंपनीलाही जबाबदार धरता येते, हे २०१२ मध्ये चँडलर विरुद्ध केप या खटल्यात ठरले: उपकंपनीच्या कामगारांच्या आरोग्याचा कारभार मुख्य कंपनी पाहत होती, धोका तिला ठाऊक होता, म्हणून तिच्यावरही थेट कर्तव्य येते असे न्यायालय म्हणाले. अमेरिकेत १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य उत्पादक कंपनीने दाव्यांच्या ओझ्याखाली दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, तेव्हा पुढे पीडितांना भरपाई देण्यासाठी एक न्यास उभारला गेला; तिथे इतर अनेक कंपन्यांचेही असे न्यास आहेत आणि त्यांच्याकडे खटल्याविना अर्ज करता येतो. मालकाखेरीज ॲस्बेस्टॉसचा उत्पादक, जागा ज्याच्या ताब्यात होती तो आणि मुख्य कंत्राटदार हेही प्रतिवादी होऊ शकतात.

पाचवी पायरी : मालकाला काय ठाऊक असायला हवे होते ते दाखवा

निष्काळजीपणा सिद्ध करायचा तर तीन गोष्टी लागतात: मालकाचे काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने मोडले, आणि त्यातून इजा झाली. कर्तव्याबद्दल वाद क्वचितच होतो. खरी झुंज दुसऱ्या मुद्द्यावर होते, कारण न्यायालय मालकाचे वर्तन आजच्या ज्ञानाने तोलत नाही. त्या वर्षी एका समंजस मालकाला जे ठाऊक होते किंवा असायला हवे होते, त्या मापाने तोलते. म्हणून ज्ञानाचा कालक्रम हाताशी हवा.

१९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेलच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केर्शॉ या स्त्रीचा मृत्यू झाला आणि डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांतील ॲस्बेस्टॉसविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी करून ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. सुमारे चतुर्थांश कामगारांच्या फुप्फुसांत व्रण आढळले होते. त्यावरून १९३१ मध्ये धूळ रोखण्याचे नियम झाले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला, १९६० मध्ये वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणपट्ट्यातील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, आणि १९६५ मध्ये न्यूहाउस व थॉम्पसन यांनी दाखवून दिले की हा कर्करोग कामगारांच्या घरच्यांना आणि कारखान्याजवळ राहणाऱ्यांनाही होतो.

हा कालक्रम न्यायालयात किती धारदार ठरतो ते मॅग्वायर यांच्या खटल्यात दिसले. नवऱ्याच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने त्यांना मेसोथेलिओमा झाला होता, मात्र तो संपर्क १९६५ पर्यंतचा होता. घरच्यांनाही धोका आहे हे त्या काळच्या मालकाला कळणे अपेक्षित नव्हते, असे म्हणून इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये दावा फेटाळला. याउलट स्वतः धुळीत राबणाऱ्या कामगाराच्या बाबतीत मालकाला धुळीपासून काहीतरी गंभीर इजा होईल एवढी कल्पना असली तरी पुरते. नेमका कर्करोगच होईल हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

कर्तव्यभंगाचा पुरावा नकारार्थी असतो, म्हणजे काय केले नाही याचा. पाणी मारले नाही, धूळ ओढणारी यंत्रणा बसवली नाही, कामे वेगळी केली नाहीत, सूचना दिली नाही, वैद्यकीय तपासणी केली नाही. कारखाना निरीक्षकांचे अहवाल, सुरक्षा समितीची इतिवृत्ते आणि त्याच कंपनीविरुद्ध पूर्वी झालेल्या खटल्यांतील कागद मागवावेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्य नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला होता. जिथे असे बंधन आहे तिथे नोंद ‘सापडत नाही’ हे उत्तरही मालकाच्या विरोधात वापरता येते.

सहावी पायरी : आजाराचा धागा त्या धुळीशी जोडा

एकाच मालकाकडे काम केलेले असेल तर हे सोपे असते. परंतु पाच मालकांकडे धूळ खाल्लेल्या माणसाला मेसोथेलिओमा झाला तर कोणाच्या कारखान्यातल्या तंतूने तो झाला हे आजचे विज्ञानही सांगू शकत नाही. मग प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवणार आणि सर्वच सुटणार. २००२ मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही पळवाट बंद केली: ज्याने आपले कर्तव्य मोडून धोका लक्षणीय प्रमाणात वाढवला तो जबाबदार. २००६ मध्ये त्याच न्यायालयाने बार्कर खटल्यात प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्यापुरते द्यावे असे म्हटले, तेव्हा संसदेने काही आठवड्यांत कायदा करून मेसोथेलिओमासाठी कोणत्याही एका मालकाकडून पूर्ण भरपाई मागण्याची मुभा परत दिली.

ॲस्बेस्टॉसिसचे गणित निराळे. धूळ वाढत जाईल तसा तो आजार बळावतो, म्हणून तो विभागता येतो असे मानतात आणि प्रत्येक मालकाचा वाटा वर्षांवरून व धुळीच्या तीव्रतेवरून काढतात. सापडत नसलेल्या मालकाच्या वाट्याची रक्कम वादीला गमवावी लागते. फुप्फुसाच्या कर्करोगात धूम्रपानाचा प्रश्न हटकून येतो. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ अधिक वाढतो, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याचा दावा आपोआप बाद होत नाही; भरपाईत कपात मात्र होऊ शकते. इंग्लंडमधील एका खटल्यात २००५ मध्ये ती २० टक्के झाली. विडी-सिगारेटचा इतिहास लपवण्यात काही अर्थ नाही, कारण तो वैद्यकीय कागदांत असतोच.

सातवी पायरी : काय मागायचे आणि कशावर सही करायची

वेदना, बुडालेली कमाई, उपचार, प्रवास, घरात केलेले बदल आणि घरच्यांनी विनामोबदला केलेली शुश्रूषा, या सर्वांची मागणी करता येते. शुश्रूषेचे तास लिहून ठेवावेत. पत्नी रात्री किती वेळा उठते हे तिला स्वतःलाच हिशोब मागितल्यावर सांगता येत नाही. आजाराने आयुष्याची जी वर्षे हिरावली त्या वर्षांतील कमाईही मागता येते, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७८ मध्ये ज्या पिकेट खटल्यात ठरवले तो रेल्वेच्या डब्यांवर काम केलेल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णाचाच होता.

सरकारी भरपाई योजनेत अर्ज करण्यापूर्वी ती रक्कम दाव्यातून वजा होते का, की अर्ज केल्याने दाव्याचा हक्कच जातो, हे विचारून घ्यावे. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात, उदाहरणार्थ, आयुक्तांसमोर अर्ज आणि दिवाणी न्यायालयात दावा यांतून एकच निवडावा लागे.

वकील निवडताना त्याने धुळीच्या आजारांचे खटले चालवले आहेत का आणि शुल्क कसे घेणार, हे दोन प्रश्न पुरेत. बहुतेक दावे सुनावणीपूर्वीच तडजोडीने मिटतात, आणि खरा जपून चालण्याचा टप्पा तोच आहे. ‘अंतिम व संपूर्ण समझोता’ या शब्दांवर सही केली की आज ॲस्बेस्टॉसिस असलेल्या माणसाला उद्या मेसोथेलिओमा झाला तरी पुन्हा मागता येत नाही. म्हणून जिथे कायद्याने तात्पुरत्या भरपाईची सोय आहे, म्हणजे आजच्या आजाराची रक्कम आज घेऊन पुढील गंभीर आजारासाठी न्यायालयाचे दार उघडे ठेवता येते, तिथे तिचा पर्याय आधी मागावा आणि मगच तडजोडीचा मसुदा वाचायला घ्यावा. रुग्ण दाव्यादरम्यान वारला तर अंत्यविधीपूर्वी वकिलाला कळवावे. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या ऊतीचे नमुने जपून ठेवता येतात, आणि निदानाबद्दल वाद असेल तर त्याचा निकाल लावणारा पुरावा पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो.